मेयोनीजवर बंदी नको, कोंबडीला लस द्या

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे.

माहितीसाठी: अन्न व औषध प्रशासन, अंडी उत्पादकांच्या संघटना आणि सकाळी गाडीवर हाफ फ्राय खाणारे सगळे.

विषय: कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घालत बसण्यापेक्षा, अंड्यातून माणसाचं पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला या जंतूची लस अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देण्याबाबत.

साहेब, स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळच माझी लेअरची, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांची, पोल्ट्री आहे. आमच्या भागात पाऊस बेताचा आणि शेती बेभरवशाची, म्हणून मागच्या पिढीने पिंजरे उभे केले आणि त्यावर घरं चालवली. माझाही त्यातलाच एक शेड. मी डॉक्टर नाही आणि संघटनेचा पदाधिकारीही नाही. रोज पहाटे पाण्याच्या निपलवरून हात फिरवत रांगेतून चालणारा माणूस आहे.

माझ्या शेडच्या दाराला आतून एक पुठ्ठा लटकवलेला आहे. त्यावर लसीकरणाचा तक्ता. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की हॅचरीतच त्याला मरेक्सची लस मानेत टोचली जाते. आठवडा भरायच्या आत लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा, थेंब डोळ्यात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो, ती पाण्यातून, दूध पावडर मिसळून आणि बर्फ टाकून. पुढे देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत दोन टोकांच्या सुईने. मग पुन्हा मानमोडी. आणि सोळाव्या आठवड्याच्या सुमारास, पक्षी अंड्यावर यायच्या आधी, मानमोडीची तेलातली लस छातीच्या मांसात.

ही शेवटची लस टोचायचं काम आम्ही रात्री करतो. शेडात एखादाच मंद दिवा ठेवायचा, म्हणजे पक्षी घाबरून एकमेकांवर चढत नाहीत. पिंजऱ्यातून पुलेट, म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, काढून दोन्ही पंख मागे धरायचे, छाती वर करायची, लस टोचणाऱ्याने अर्धा मिली सोडायचा आणि पक्षी परत पिंजऱ्यात. सरावलेली टोळी असली की बोलणंसुद्धा होत नाही, नुसती सिरिंजची टकटक ऐकू येते. एकदा सिरिंज चालवणाऱ्या पोराने सुई स्वतःच्याच बोटात घुसवून घेतली. तेलातली लस माणसाच्या बोटात गेली तर बोट गमवायची वेळ येते, हे तेव्हा आम्हाला दवाखान्यात गेल्यावर कळलं. पोराचं बोट वाचलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की लस देणं आम्हाला नवीन नाही. एक पक्षी चार-पाच महिन्यांत अनेक वेळा हातातून जातो. पण तो पुठ्ठा एक दिवस मी खाणाऱ्याच्या नजरेने वाचला आणि लक्षात आलं, की यातली प्रत्येक लस कोंबडी मरू नये म्हणून आहे. अंडं खाणारा आजारी पडू नये म्हणून त्यावर एकही ओळ नाही.

कारण साधं आहे. मानमोडी शिरली की सकाळी शेडात मर दिसते आणि पोटात गोळा येतो. साल्मोनेला एन्टरिटायडिस नावाचा जंतू तसा नाही. मोठी कोंबडी त्याने बहुधा आजारी पडतच नाही. खाद्य खाते, पाणी पिते, तुरा लालभडक, अंडी वेळेवर. जंतू तिच्या आतड्यातून रक्तात, रक्तातून अंडाशयात आणि अंडनलिकेत जाऊन बसतो. मग कवच तयार व्हायच्या आधीच तो एखाद्या अंड्याच्या आत गेलेला असतो. असं अंडं वरून कितीही पुसा, धुवा, उजेडापुढे धरा, काही कळत नाही. माझं नुकसान शून्य असल्यामुळे माझ्या खिशाला त्याची जाग येत नाही. जाग येते ती गिऱ्हाइकाच्या पोटाला. आणि तोवर ट्रे कुठल्या शेडातून आला होता, हे कुणाला माहीत असायचं कारण नाही.

इथे एक घोटाळा आधीच दूर करतो. टायफॉईडचा जंतू याच कुळातला असला, तरी तो फक्त माणसात राहतो, कोंबडीतून येत नाही. दोघांच्या अंगावरची काही खूण मात्र सारखी असते. त्यामुळे आपल्याकडे ऊठसूट केली जाणारी टायफॉईडची विडाल चाचणी अंड्यातल्या जंतूनेही फसू शकते. आणि हॅचरीवाले ज्याला पांढरी हगवण म्हणतात, ती पिल्लं मारणारी याच घराण्यातली वेगळी शाखा. तिची भीती आम्हाला आहे, कारण तिथे पिल्लं मरतात. परत तेच.

आता माझ्या घरची गोष्ट. माझा पुतण्या तालमीत जातो. आमच्याकडे पैलवान म्हटलं की पहाटेच्या जोरबैठका आल्या, थंडाई आली आणि दुधात फोडलेली कच्ची अंडी आली. अंडी अर्थातच माझ्या शेडातली, काका पोल्ट्रीवाला असताना विकत कोण आणणार? तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी तालमीतली सहा पोरं एकाच दिवशी आडवी झाली. जुलाब, कळा, अंगात ताप. दोघांना सलाईन लागलं. पाच-सहा दिवसांत सगळी उठली, पुतण्याचं वजन चार किलोने उतरलं. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं काही खाल्लं असेल.

ते माझ्या अंड्यांनीच झालं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. झालं नाही, असंही सांगू शकत नाही. कारण कुणी पोरांचा मल तपासायला पाठवला नाही, अंडी तपासली नाहीत, माझ्या शेडातली धूळ तपासली नाही. मीसुद्धा तोंड मिटून बसलो. ट्रे आठ दिवसांपासून तालमीच्या पत्र्याखाली पडून होता, एवढं मात्र मला नंतर समजलं. ताज्या अंड्यात जंतू असले तरी थोडे असतात आणि पांढरा बलक त्यांना वाढू देत नाही, त्यांना लागणारं लोह तो बांधून ठेवतो. पण उन्हाळ्यात अंडं जुनं होत गेलं की पिवळ्या बलकाभोवतीचा पडदा सैल पडतो, आतलं बाहेर झिरपतं आणि जंतूंची पंगत बसते. अंडं पूर्ण शिजवलं तर ते मरतात. दुधात फोडून प्यायलं तर कशाने मरणार?

तुम्ही म्हणाल, मग कच्चं खाऊ नका म्हणून सांगा. सांगावंच. पण ते सांगून किती भागतं, हे दक्षिणेतल्या राज्यांत दिसलं. केरळने २०२३ च्या जानेवारीत कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस वर्षभरासाठी, तमिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये वर्षभरासाठी. मोमो, शोरमा, सँडविच यांच्या गाड्यांवर धाडी पडल्या. माणसं दगावल्यावर सरकारने काहीतरी करायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मेयोनीजमध्ये जंतू आला कुठून, हा प्रश्न कुणी शेडापर्यंत आणला नाही. तुमच्या-आमच्या कामाची वाटणीच तशी आहे, साहेब. कोंबडी पशुसंवर्धनाकडे, अंडं अन्न व औषध प्रशासनाकडे. कोंबडीच्या पोटातून अंडं बाहेर पडायच्या क्षणी खातं बदलतं, आणि जंतू नेमका त्या फटीतून जातो.

इंग्लंडात हेच झालं होतं. १९८८ च्या डिसेंबरात तिथल्या आरोग्य खात्याच्या उपमंत्री एडविना करी यांनी टीव्हीवर सांगून टाकलं, की देशातलं बहुतेक अंडी उत्पादन साल्मोनेलाने बाधित आहे. अंड्यांची विक्री कोसळली, पोल्ट्रीवाले खवळले आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. बाईंचं बोलणं मोघम आणि जरा जास्तच होतं, पण आजार खोटा नव्हता. पुढची दहा वर्षं कळप मारणं, शिजवून खा म्हणून सांगणं, एकमेकांवर ढकलणं चालू राहिलं. लोक आजारी पडतच होते.

फरक पडला तो तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनी स्वतः लस उचलल्यावर. आधी ब्रीडर, म्हणजे पिल्लांसाठी पाळलेल्या आईबापांच्या, कळपांना, मग १९९७-९८ पासून अंडी देणाऱ्या कळपांना. १९९८ साली त्यांच्या संघटनेने लाल सिंहाचा शिक्का सुरू केला. ज्या अंड्यावर तो सिंह, ती कोंबडी लस घेतलेली, कळपाची नोंद असलेली, आणि अंड्यावर तारीख छापलेली. कायद्याने सक्ती केली नव्हती हे लक्षात घ्या. मोठ्या दुकानदारांनी सांगितलं की शिक्का असेल तरच माल घेऊ, आणि काम झालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये या जंतूच्या मुख्य प्रकाराचे १९९७ साली १४,७७१ रुग्ण नोंदले गेले होते. २००९ साली ५८१. सगळं श्रेय एकट्या लशीचं नाही, उंदीर, खाद्य, वाहतूक यांवरही त्यांनी काम केलं. पण जाणकार मोठा वाटा लशीलाच देतात. २०१७ च्या ऑक्टोबरात तिथल्या अन्न विभागाने जाहीर केलं, की सिंहाच्या शिक्क्याचं अंडं गरोदर बाई, तान्हं मूल आणि म्हातारा माणूस अर्धकच्चं खाऊ शकतो. ज्या धंद्यापायी मंत्रीण घरी गेली, त्या धंद्याला हे प्रमाणपत्र मिळालं.

युरोपीय संघाने पुढे नियमच केला. ज्या देशात दहा टक्क्यांहून जास्त कळप बाधित, तिथे २००८ पासून लस सक्तीची. २००९ पासून बाधित कळपाची अंडी कवचासकट विकायला बंदी, ती उष्णता देऊन प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात जातात. ही दुसरी गोष्ट मला पोल्ट्रीवाला म्हणून फार शहाणपणाची वाटते. कळप मारावा लागत नाही, भाव कमी मिळतो पण मिळतो, म्हणून माणूस तपासणीला घाबरत नाही. आपल्या देशातही अंड्याची पावडर करणारे कारखाने आहेत. अमेरिकेने मात्र २०१० साली अंड्यांचा नवा नियम आणला, त्यात लस ऐच्छिक ठेवली, आणि त्याच उन्हाळ्यात आयोवातल्या दोन फार्मची मिळून पन्नास कोटींहून जास्त अंडी परत बोलवावी लागली.

स्वीडनचं उदाहरण कुणीतरी तुमच्यापुढे ठेवील, म्हणून मीच सांगतो. तिथे लस देत नाहीत. १९५३ साली आल्वेस्ताच्या कत्तलखान्यातल्या मांसातून सुमारे नऊ हजार माणसं आजारी पडली आणि नव्वदएक दगावली. तेव्हापासून ते तपासतात आणि जंतू सापडला की कळप काढून टाकतात. थंड देश, थोडे फार्म, भरपाईला सरकारची तिजोरी. आमच्या मे महिन्यात, उघड्या शेडात, आणि भरपाई किती वेळाने मिळते हे ठाऊक असताना तो रस्ता आमच्यासाठी नाही.

लशीने सगळं होईल असं मी म्हणत नाही. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त प्रकार आहेत आणि लस त्यातल्या एक-दोन मुख्य प्रकारांवर असते. ती जंतूचा शिरकाव कमी करते, विष्ठेतून बाहेर पडणं कमी करते, अंड्यात जाणं कमी करते. शून्य करत नाही. कॅम्पायलोबॅक्टर म्हणून दुसरा जंतू आहे, चिकनमधून येणारा, त्यावर बाजारात कोंबडीची लसच नाही. बॉयलर पक्षी सहा आठवड्यांत कापला जातो, त्याला लस देत बसण्यापेक्षा त्याच्या आईबापांच्या कळपाला देणं शहाणपणाचं. आणि उंदरांचं काय? बाधित उंदराच्या एका लेंडीत लाखभर जंतू असू शकतात. खाद्याच्या गोणीशेजारी बीळ ठेवून लस टोचणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं.

एक कबुलीही इथेच देतो. लस नको असण्याचं आमचं खरं कारण नुसती तिची किंमत नाही. आमच्या हाताला अँटिबायोटिकची सवय लागलेली आहे. पक्षी जरा मलूल दिसला की पाण्याच्या टाकीत पुडी. दुकानदार सांगेल ती, तो सांगेल तितके दिवस. कोलिस्टिन आम्ही गुळासारखं वापरलं. माणसाच्या शेवटच्या आधाराचं ते औषध, २०१९ च्या जुलैत केंद्राने खाद्यप्राण्यांसाठी बंद केलं, ते बरोबरच झालं. साल्मोनेलाची जिवंत लस पाण्यातून देतात, पहिल्या दिवशी, मग सहा-आठ आठवड्यांनी, मग अंड्यावर यायच्या आधी. पण त्या दिवसांच्या आगेमागे पाण्यात अँटिबायोटिक चालत नाही, ते लशीलाच मारून टाकतं. क्लोरिनचं पाणीही नको. म्हणजे लस द्यायची तर पुडीची सवय मोडावी लागते. मला विचाराल तर लशीचा अर्धा फायदा हाच आहे.

पैशाचं गणित बघू. माझी कोंबडी अंड्यावर आल्यापासून छाटणीला जाईपर्यंत तीनशेच्या वर अंडी देते. समजा एका पक्ष्यामागे या लशीला सगळं धरून सहा रुपये लागले, तर अंड्यामागे दोन पैसे झाले. दोन पैशांनी गिऱ्हाईक मरत नाही. पण मला रोजचा भाव सकाळी मोबाइलवर कळतो आणि व्यापारी त्यातूनही काटतो. माझ्या लस दिलेल्या अंड्याला आणि शेजारच्या न दिलेल्या अंड्याला एकच भाव असेल, तर दहा हजार पक्ष्यांचे साठ हजार रुपये मी कुणाच्या आशेवर घालू? म्हणून नुसतं आवाहन करू नका. आवाहनाचे कागद आमच्याकडे अंड्याच्या ट्रेखाली घालायला वापरतात.

माझं मागणं थोडकं आहे. सुरुवात आमच्यापासून नको, हॅचरीपासून करा. राज्यात पिल्लं पुरवणाऱ्या प्रत्येक ब्रीडर कळपाची तपासणी आणि लसीकरण झाल्याचा दाखला पिल्लांच्या पावतीसोबत आला पाहिजे. मग आमच्या लेअर शेडांची तपासणी सुरू करा, फुकट, आणि पहिली दोन वर्षं निकाल गुप्त ठेवून. बुटांवर कापडी मोजे चढवून शेडात फेरी मारायची आणि ते मोजे प्रयोगशाळेत पाठवायचे, इतकी ती सोपी आहे. गुप्त का म्हणाल, तर आमचा बाजार अफवेवर चालतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा तिथून शेकडो किलोमीटरवर आमची अंडी पडून होती. २०२० च्या मार्चमध्ये चिकनने करोना होतो म्हणून कुणीतरी उठवलं आणि लोकांनी जिवंत पक्षी पुरले. हे पत्र लिहू नको असं मला दोघातिघांनी सांगितलं ते याच भीतीने. ती भीती खोटी नाही.

लस तयार करायला लांब जायची गरज नाही. औंधला तुमच्याच आवारात पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, मानमोडीची आणि देवीची लस ती पूर्वीपासून करते आहे. कोंबड्यांच्या लशींचे मोठे खासगी कारखानेही पुण्यातच आहेत. देशाला अंडं खायला शिकवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ साली पुण्याच्याच डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. 'संडे हो या मंडे' घराघरांत पोचवणं ज्यांना जमलं, त्यांना लस घेतलेल्या अंड्यावर एक शिक्का पोचवणं जड जाऊ नये. तो शिक्का असेल तर शहरातला मॉलवाला आणि बेकरीवाला दहा पैसे जास्त देईल, मग मला तुमचं अनुदानही नको. शिक्का असल्याशिवाय आणखी एक अडचण आहे. आपल्या राज्याला पुरतील एवढी अंडी राज्यात होत नाहीत, तेलंगणा, आंध्र, कर्नाटकातून गाड्या येतात. आम्ही लस दिली आणि बाहेरून बिनलशीचं आलं, तर ताटात दोन्ही सारखीच दिसणार.

शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं २०२३ च्या नोव्हेंबरात ठरलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे थांबले. ते उकडलेलं होतं, त्याला साल्मोनेलाची फारशी भीतीही नव्हती. हा विषय तुमच्या हातातला नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिल्यावाचून राहवलं नाही.

माझी नवी बॅच येत्या महिन्यात शेडात पडेल. यावेळी पुठ्ठ्यावर मी एक जास्तीची ओळ आखून ठेवली आहे, हॅचरीवाल्यालाही लशीबद्दल विचारलं आहे. तो म्हणाला, 'आजपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं.'

आपल्याकडून कुणी अधिकारी बघायला येणार असतील तर अवश्य यावं. तेलातल्या लशीचं काम रात्री आठनंतर चालतं, त्याच्या आधी जेवण आमच्याकडे. फक्त आदल्या दिवशी दुसऱ्या कुठल्या पोल्ट्रीवर गेला असाल तर येऊ नका, आणि बूट शेडाबाहेर काढावे लागतील. साहेब असले तरी.

आपला,
एक लेअर पोल्ट्रीवाला
ता. खानापूर, जि. सांगली